चित्रातला पोशाख किती खरा मानावा?

प्रश्न : एका कलाविषयक पुस्तकात फ्रेंच चित्रकार दलाक्र्वा याचे ‘अल्जियर्सच्या स्त्रिया’ हे चित्र पाहिले. त्यातील झिरझिरीत सदरे, सैल सुरवारी आणि पायांतले वाळे एकोणिसाव्या शतकातील अल्जीरियन वेशभूषेचा पुरावा म्हणून धरता येतील काय? (एक वाचक, मिरज)

उत्तर : कपड्यांपुरते बोलायचे तर बऱ्याच अंशी धरता येतील, त्या स्त्रियांचे दिवस कसे जात होते, याला मात्र हे चित्र साक्षीदार म्हणून चालणार नाही.

फ्रान्सने १८३० मध्ये अल्जियर्स जिंकले. मोरोक्कोच्या सुलतानाकडे गेलेल्या फ्रेंच शिष्टमंडळाबरोबर प्रवास करणारा दलाक्र्वा परतीच्या वाटेवर, जून १८३२ मध्ये, तिथे जेमतेम तीन दिवस थांबला. बंदरावरील एका फ्रेंच अधिकाऱ्याच्या ओळखीने त्याला एका घराच्या जनानखान्यात प्रवेश मिळाला, असे परंपरेने सांगितले जाते. तिथल्या जलरंगातील टिपणांवर त्याने मुनी आणि झोरा बेन सुलतान अशी नावे लिहिली आणि कोणते वस्त्र कोणत्या रंगाचे हेही नोंदवले. गुडघ्याशी संपणारी सुरवार, कमरेला गुंडाळलेले पट्टेदार वस्त्र, डोक्याचा रुमाल हा शहरी घरातला खरा पेहराव होता. त्याच स्त्रिया रस्त्यावर अंगभर पांढरा हाइक पांघरून निघत. म्हणजे परक्या पुरुषाने कधी पाहू नये असाच हा पोशाख आहे आणि तो आपल्याला दिसतो, यातच जेते आणि जित यांच्या भेटीची सगळी हकीकत आली.

सध्या लूव्रमध्ये असलेले हे चित्र १८३४ मध्ये पूर्ण झाले, तेही पॅरिसच्या स्टुडिओत, टिपणे आणि आफ्रिकेतून आणलेले कपडे समोर ठेवून. टिपणांवर नावे असलेल्या स्त्रिया कॅनव्हासवर येईपर्यंत बिननावाच्या झाल्या. घरात स्वयंपाक, शिवणकाम, मुले असतीलच. चित्रात मात्र तिघी बसून आहेत, एकीच्या हाती हुक्क्याची नळी आहे आणि उजवीकडची कृष्णवर्णीय दासी तेवढी पाठमोरी, मान वळवून चालती झाली आहे. नट्टापट्टा बसलेल्यांचा आणि हालचाल तिच्या एकटीची, ही वाटणी चित्रकाराने केलेली आहे. (रविवर्म्याने दमयंतीला साडी नेसवली, म्हणून ती पुराणकाळाची ठरत नाही; इथे वस्त्र तरी त्या गावचे आहे.)

अभ्यास करायचाच असेल, तर आधी टिपणे आणि मग चित्र, या क्रमाने पाहावे. दलाक्र्वाने १८४९ मध्ये हाच विषय पुन्हा रंगवला. ते चित्र माँपेलिएच्या फाब्र संग्रहालयात आहे. त्यात स्त्रिया बऱ्याच मागे सरकल्या आहेत आणि खोली अंधारली आहे, त्यामुळे भरतकाम नीट पाहायचे असल्यास पहिलेच चित्र घ्यावे.