आधी उठाव, मग मशीन

प्रश्न : मुलगा यंदा आयटीआयमधून टर्नर झाला. आम्ही हुपरीजवळच्या गावात राहतो. मोबाइलवर बघून बघून त्याने लेझर मशीनवर थ्रीडी कोरीव काम करायचं डोक्यात घेतलंय. मशीनला दोनेक लाख लागतील म्हणतो. माझे दागिने ठेवून पैसे उभे करू का? – एक आई

ताई, दागिने आत्ता ठेवू नका. लाइन वाईट आहे असं नाही. पण त्याला नेमकं कुठलं मशीन हवंय, हेच तुमच्या पत्रात नाही, आणि मला वाटतं त्यालाही ते अजून ठरवता आलेलं नाही.

अशी लेझर मशीन साधारण तीन प्रकारची : सीओटू, फायबर आणि डायोड. सीओटू मशीन लाकूड, चामडं, अ‍ॅक्रिलिक कोरतं. उघड्या पितळेपुढे किंवा पोलादापुढे या किमतीतल्या मशीनचं काही चालत नाही. फायबरचं उलट. धातू हे त्याचं काम, लाकडावर ते जवळपास कुचकामी. निळ्या किरणाचं डायोड मशीन सगळ्यात स्वस्त आणि शिकायला बरं, पण पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून त्याचा किरण सरळ आरपार जातो. विकणारे मात्र तिन्हींवर बिनदिक्कत ‘थ्रीडी’ लिहितात.

मशीनला मूर्ती कळत नाही, राखाडी चित्र कळतं. बहुतेक ठिकाणी काळं तिथे खोल, पांढरं तिथे उंच आणि मधल्या छटा मधल्या खोलीच्या, अशी रीत असते. नेहमीच्या चित्रात या छटा 256. नवखी पोरं इथेच फसतात. आजीचा फोटो घेतात आणि तसाच मशीनला देतात. कपाळावरचं कुंकू गडद, म्हणून तिथे खड्डा! पांढरे केस नाकाच्याही वर. फोटोत उजेड आणि सावली असते, उंच-सखल नसतं. हे उंच-सखल म्हणजेच उठाव. तो सांगणारं चित्र, ज्याला डेप्थ मॅप म्हणतात, ते वेगळं बनवावं लागतं. फोटोवरून ते आपोआप काढून देणारी साधनंही आता आली आहेत. पण नाक-डोळे शेवटी माणसालाच नीट बसवावे लागतात. मशीन कोणीही विकत आणेल, या कामाला माणूस लागतो.

म्हणून पहिले काही महिने त्याने ब्लेंडर हे थ्रीडी आकार घडवायचं सॉफ्टवेअर शिकावं. ते फुकट आहे, साधा कॉम्प्युटर सुरुवातीला पुरतो. सोबत शाडू घेऊन पाटीवर पान, मोर, गणपती हाताने उठवून बघावा. गणपतीची सोंड पोटापुढे येते, ती फक्त दोन मिलिमीटर जाडीत पुढे आहे असं कसं भासवायचं, हे मातीत एकदा उमगलं की पडद्यावर सोपं जातं. टर्नर असल्याने मापाची शिस्त त्याच्याकडे आहेच. नजर तयार व्हायची आहे.

आणि तुम्ही हुपरीजवळ राहता, हे मला पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य वाटलं. नावाच्या पाट्या आणि कीचेन करणारे गल्लोगल्ली होतील. पण हुपरी हे चांदीच्या दागिन्यांचं गाव. चांदीच्या पत्र्यावर नक्षी उठवायला पोलादी ठसा लागतो, आणि तो फायबर मशीनवर कोरता येतो. त्यात सगळं उलटं : दागिन्यात जे उंच, ते ठशात खोल, डावं ते उजवं. शिवाय धातूत मशीन एका दमात खोल जात नाही, चित्राचे थर पाडून दर पासला, म्हणजे किरणाच्या दर फेरीला, अगदी बारीक थर उडवतं. 256 थर आणि एका पासला एक मिनिट धरलं, तरी एका ठशाला सव्वाचार तास जातात. खोली वाढेल तसा फोकस खाली घ्यायचा, मधूनमधून साचलेली घाण काढायला हलका पास द्यायचा, ते आणखी वेगळं. हा हिशेब न करता भाव सांगणारे पोरगे वर्षभरात मशीन विकायला काढतात.

तेव्हा त्याला कोल्हापुरात किंवा इचलकरंजीत फायबर मशीन असलेल्या एखाद्या दुकानात चार-सहा महिने कामाला राहू द्या, पगार कमी मिळाला तरी. स्वतःच्या फाइल्स तिथेच पैसे देऊन कोरून घेता येतील. पुढे मशीन घ्यायचं ठरलंच, तर मुद्रा योजनेत शिशु गटात 50 हजारांपर्यंत आणि किशोर गटात 5 लाखांपर्यंत कर्ज तारण न ठेवता मिळतं. बँकेत आधी तिथे विचारा, सोनं कपाटात राहू दे.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. फायबरचा किरण डोळ्यांना दिसत नाही आणि परावर्तित होऊनही डोळा घालवतो. चष्मा त्याच किरणासाठीचा हवा, डायोडसोबत आलेला चालत नाही. धूर पंख्याने घराबाहेर काढायचा. आणि चामडं म्हणून कोणी रेक्झिन आणून दिलं तर परत पाठवायचं. त्यातल्या पीव्हीसीतून निघणारा आम्लाचा वायू फुफ्फुसांना घातक असतो, मशीनही गंजवतो.

आता त्याने एवढं करावं. पैंजणाच्या एका पानाचा ठसा कॉम्प्युटरवर तयार करायचा, कुठून तरी कोरून घ्यायचा आणि हुपरीतल्या एखाद्या जुन्या कारागिराच्या हातात द्यायचा. कारागिराने भाव विचारला, तर मला परत लिहा. कुठलं मशीन घ्यायचं ते तेव्हा बोलू.