मुलांसह सामूहिक सायकल सहल : अंतराआधी वेळेचा हिशेब

वर्धा, सेवाग्राम, पवनार, बोर धरण अशी चार दिवसांची सामूहिक सायकल सहल डिसेंबरमध्ये निघणार असून, ९ वर्षांच्या मुलीला आणि १३ वर्षांच्या मुलाला घेऊन तीत जावे का, मुलीला दिवसाला ४० किलोमीटर झेपतील का, असे आपण विचारले आहे. मुलांना सायकलची रोजची सवय असेल तर झेपतील. पण खरा प्रश्न वेळेचा आहे. या वयाचे मूल सपाट रस्त्यावर ताशी १०-१२ किलोमीटर जाते. म्हणजे चार तास नुसते पायडल मारण्यात जातात, आणि पाणी, पोहे, संत्र्यांचा ढीग दिसला की थांबणे हे सारे धरून सहा तास सहज होतात. सरावलेली मंडळी तोवर मुक्कामी पोहोचून जेवलेलीही असतात.

म्हणून मुलीसोबत मागे कोण राहणार हे घरीच ठरवावे आणि आई-वडिलांनी ती पाळी रोज बदलावी. अन्यथा एकाची सहल होते आणि दुसऱ्याची राखण. मुलाला पुढच्या गटात जाऊ द्यायचे असेल, तर त्या गटातील एका प्रौढ व्यक्तीने त्याची जबाबदारी स्पष्ट शब्दांत घेतलेली असावी. वर्ध्याहून सेवाग्राम जेमतेम ८ किलोमीटर, पवनारही जवळच. त्यामुळे तो दिवस हलका जाईल आणि धाम नदीच्या काठी मुलांना निवांत बसता येईल. बोरकडे मात्र उशीर परवडत नाही. २०१४ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे, आणि जंगलालगतच्या रस्त्यावर पहाटे किंवा तिन्हीसांजेला मुलांना सायकलवर ठेवू नये.

सायकलींविषयी एक गोष्ट हमखास सुटते. गटाच्या पेटीतील ट्यूब मोठ्यांच्या चाकांच्या असतात. मुलीच्या २० किंवा २४ इंची चाकाची ट्यूब कोणाकडेच नसते. तिच्या मापाच्या दोन ट्यूब आपल्याच पिशवीत ठेवाव्यात. आपल्या सायकलींना हवा भरायचे बारीक, प्रेस्टा प्रकारचे व्हॉल्व्ह असतील तर अडॅप्टरही घ्यावा, कारण गावातल्या मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानातील हवेची नळी त्यांना बसत नाही. पांदणीने जाताना बाभळीचा काटा टायरमध्ये मोडतो, त्याचे टोक आतच राहते आणि नवी ट्यूबही फुसकन बसते. या दिवसांत कापसाच्या गाड्यांतून गळलेला कापूस रस्त्याच्या कडेला पडलेला असतो. त्याचा बोळा टायरच्या आतून फिरवला की तंतू नेमके त्या टोकाला अडकतात. बोट फिरवण्यापेक्षा हे बरे, कारण काटा बोटातही तितक्याच तत्परतेने जातो.

कपड्यांची फार चिंता नको. पहाटे कानटोपी आणि हातमोजे लागतात, दहा वाजेपर्यंत सारे अंगावरून उतरते.

थकल्यावर सहलीसोबतच्या टेम्पोत बसणे ही हार नव्हे, हे मुलीला निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे आणि आपणही एखाद्या दिवशी तिच्यासोबत बसावे. पैसे भरण्याआधी आयोजकांना टेम्पो नेमका कुठे चालतो एवढे विचारावे. सामान घेऊन तो थेट मुक्कामी जात असेल, तर वाटेत थकलेल्या मुलाला त्याचा काही उपयोग नाही. तो शेवटच्या सायकलीच्या मागेच हवा. तशी व्यवस्था नसेल, तर यंदा त्यांच्यासोबत पवनारपर्यंतच जावे आणि तेथून वर्ध्याला परतावे.