वाचकांचे प्रश्न : पारा ३२ वर, तरी जीव का कासावीस होतो?

प्रश्न : ४१ अंशांच्या कोरड्या उन्हापेक्षा ३२ अंशांची दमट दुपार जास्त छळते. हा भास आहे का?

भास नाही. उन्हाळ्यात अंगातली उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः घामावाटे, पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो त्वचेवरच वाळावा लागतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम हनुवटीवरून टपकला, तर पाणी गेलं, मीठ गेलं आणि गारवा काहीच मिळाला नाही.

घाम किती वेगाने वाळेल, ते त्वचेजवळच्या आणि हवेतल्या बाष्पदाबाच्या, म्हणजे बाष्पामुळे पडणाऱ्या दाबाच्या, फरकावर ठरतं. ३५ अंश तापमानाच्या ओल्या त्वचेजवळ हा दाब सुमारे ५.६ किलोपास्कल असतो. ४१ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेच्या हवेत तो १.२ च्या आसपास, तर ३२ अंश आणि ७० टक्क्यांच्या हवेत ३.३. म्हणजे दमट हवेत फरक जवळजवळ निम्म्यावर येतो. तापमान आणि आर्द्रता मिळून अंगाला किती अंश भासतात ते सांगणाऱ्या हीट इंडेक्सच्या तक्त्यातही ३२ अंश आणि ७० टक्क्यांसमोर सुमारे ४१ हाच आकडा सापडतो. हा तक्ता सावली आणि हलका वारा गृहीत धरून केलेला आहे; थेट उन्हात त्यावर आठेक अंशांपर्यंत भर पडू शकते.

कोरडं ऊन मात्र निर्धोक समजू नका. तिथे घाम दिसायच्या आत उडतो, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते कळत नाही.

प्रश्न : सकाळी आर्द्रता ९० टक्के असते, दुपारी ५५-६० वर येते. मग दुपारी हवा कोरडी होते का?

नाही. बाष्प बहुधा तेवढंच राहतं. हवा तापली की तिची बाष्प सामावण्याची क्षमता वाढते, म्हणून टक्केवारी उतरते. २५ अंशांना ९० टक्के असलेली हवा ३३ अंशांपर्यंत तापली, तर तेवढ्याच बाष्पाला ५७ टक्के म्हणतात. सकाळची आर्द्रता आणि दुपारचं तापमान एकत्र धरून हीट इंडेक्स काढण्याची चूक सर्रास होते आणि मग भलताच भीतीदायक आकडा येतो. दोन्ही आकडे एकाच वेळेचे हवेत. त्याहून सोपं म्हणजे दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो आकडा, पाहावा; तो दिवसभरात फारसा हलत नाही. १६ अंशांखाली हवा सुखद वाटते, २१ च्या वर चिकचिक सुरू होते आणि २४ ओलांडला की मेहनतीचं काम पहाटेच उरकावं.

प्रश्न : हवा किती घातक आहे, हे घरच्या घरी मोजता येईल का?

येईल. हवेचं तापमान मोजणारे दोन सारखे थर्मामीटर घ्या. ताप मोजायचा चालत नाही, कारण तो चढलेला पारा धरून ठेवतो. आधी दोन्ही शेजारी ठेवून एकच आकडा दाखवतात ना, ते पाहा. मग एकाच्या फुग्यावर पातळ सुती कापडाचा एकच पदर गुंडाळून दोऱ्याने बांधा. कापड धुतलेलं हवं. खळ किंवा साबण राहिला तर ते नीट भिजत नाही आणि आकडा चढा येतो. खोलीत ठेवलेल्या डिस्टिल्ड पाण्याने ते भिजवा, सावलीत धरा आणि पुठ्ठ्याने सतत जोरात वारा घाला. तीन ते पाच मिनिटांत आकडा उतरून एका जागी थांबतो. तो टिपून घ्या. कापड वाळू लागलं की तो परत वर सरकतो.

कोरडा ३२ आणि ओला २२ असेल तर आर्द्रता सुमारे ४० टक्के. ओला २७ असेल तर ७० च्या जवळ. ओल्या फुग्याचं ३५ अंश ही माणसाच्या सहनशक्तीची सैद्धांतिक मर्यादा मानली जात होती. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मात्र दमट हवेत ओला फुगा ३१ च्या आसपास असतानाच तरुण, निरोगी माणसांच्या शरीराचं तापमान सतत चढू लागलं, तेही हलक्या हालचाली करताना. वृद्धांनी आणि हृदयविकार असलेल्यांनी याच्याही बरंच अलीकडे थांबायला हवं.

प्रश्न : दमट उन्हात काम टळत नाही. पाणी किती प्यावं?

दर १५-२० मिनिटांनी एक पेला, म्हणजे पाव लिटरच्या आत-बाहेर. तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नका. नुसतं पाणी भरमसाट प्यायल्याने रक्तातलं सोडियम घसरतं आणि डोकेदुखी, मळमळ, गोंधळ अशी लक्षणं दिसतात. ती उष्म्याची समजून आणखी पाणी पाजलं जातं, हा खरा धोका. काम दोन तासांहून लांबणार असेल आणि घाम निथळत असेल, तर मीठही पोटात जायला हवं. ओआरएसची पुडी घेतलीत तर पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी घाला.

स्वतःचा हिशोब हवा असेल तर कामाआधी आणि नंतर अंग पुसून, कोरड्या कपड्यांत वजन करा. एक किलोची घट म्हणजे साधारण एक लिटर पाणी. घट वजनाच्या २ टक्क्यांहून जास्त असेल, तर पाणी कमी पडलं.

नव्याने उन्हात कामाला लागलेल्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या वेळेच्या २० टक्केच काम द्या आणि रोज तेवढंच वाढवा. अंगाला उष्म्याची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. पहिल्या काही दिवसांत घाई केली की माणूस कोसळतो, म्हणून मुकादमांनी हे मनावर घ्यावंच.

प्रश्न : पंख्याचा वारा गरम लागतो. बंद करावा का?

हवा ४० अंशांच्या आत असेल तर चालू ठेवा, अंगावर पाणी शिंपडा. त्याच्या वर पंखा उष्णता अंगावर ढकलतो.

प्रश्न : उष्माघात झाला हे ओळखायचं कसं?

वागण्यावरून. असंबद्ध बोलणं, तोल जाणं, चिडचिड, झटके, शुद्ध हरपणं. अंग कोरडं असलंच पाहिजे असं नाही. मेहनत करताना झालेल्या उष्माघातात माणूस घामाने चिंब असू शकतो, आणि इथेच निदान चुकतं. रुग्णवाहिका बोलवा, पण ती येईपर्यंत थांबू नका. सावलीत नेऊन जादाचे कपडे काढा आणि टबात थंड पाणी असेल तर मानेपर्यंत बसवून डोकं धरून ठेवा. टब नसेल तर सतत पाणी ओता, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा. दमट हवेत ओलं फडकं आणि वारा एवढ्यावर भागत नाही, कारण पाणीच वाळत नाही. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, आणि शुद्ध नसलेल्याच्या तोंडात काहीही घालू नका.