ब्रुकनरच्या सिम्फनी ऐकायला सुरुवात करताय? सातवीपासून करा

ब्रुकनर म्हणजे एकोणिसाव्या शतकातला ऑस्ट्रियन संगीतकार. त्याची एकदम आठवी सिम्फनी (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) घेऊ नका, नवीन लोक तिथेच कंटाळतात. सातवी किंवा चौथी घ्या. सातवीची सुरुवात चेलोंच्या (व्हायोलिनच्याच घराण्यातलं मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) लांबलचक सुरावटीने होते, ती एकदा मनात बसली की पुढचा तासभर धरून ठेवते.

आता रेकॉर्डिंग. कंडक्टर कारायानचं 1989 चं, व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाबरोबरचं घ्या, त्याचं हे शेवटचं रेकॉर्डिंग, साधारण 66 मिनिटांचं. मग दुसरा कंडक्टर चेलिबिडाके, त्याचं म्युनिकच्या वाद्यवृंदाबरोबरचं ऐका, तीच सिम्फनी 79 मिनिटांच्या आसपास जाते आणि तरी रेंगाळल्यासारखी वाटत नाही, प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येतं. पण आधी हे नको, एका रेकॉर्डिंगची सवय होऊ द्या, मगच तुलना.

हमखास होणाऱ्या चुका:
- तुकडे तुकडे ऐकणं. अदाजिओ (सातवीचा संथ दुसरा भाग) तरी सलग ऐकाच, जर्मन संगीतकार वाग्नरच्या मृत्यूच्या चाहुलीत लिहिलाय तो, शेवटी वाग्नर ट्युबा (हॉर्नसारखं पितळी वाद्य) परत येतात तेव्हा अंगावर काटा येतो.
- मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणं. हळू आवाजातलं सगळं हरवतं.
- हास की नोवाक (स्वरलिपीचे दोन संपादक), कुणाची आवृत्ती खरी, या वादात पडणं. अदाजिओच्या शिखरावर कुठे झांज वाजते, कुठे नाही, सध्या एवढं माहीत असलं तरी पुरे.

चौथीसाठी कंडक्टर बोमचं 1973 चं, व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबरचंच. ऐकून झालं की सांगा कसं वाटलं.