एक्सपाथमधलं ते एक टिंब

XML फाइलमधल्या एकेका पुस्तकावर लूप फिरवून शीर्षक काढताना दरवेळी पहिल्याच पुस्तकाचं शीर्षक येतंय ना? लूप ठीक आहे, घोळ पाथमध्ये, म्हणजे एक्सपाथ या XML मध्ये शोधायच्या भाषेत लिहिलेल्या पत्त्यात आहे. `//शीर्षक` लिहिलं की एक्सपाथ तू कुठल्या नोडवर (म्हणजे घटकावर, इथे पुस्तकावर) आहेस ते बघतच नाही, थेट डॉक्युमेंटच्या मुळापासून शोधतो. पुढे टिंब दे: `.//शीर्षक`. आता शोध त्या पुस्तकापुरताच. बहुतेक नवशिके इथेच अडकतात, तेव्हा बिनधास्त राहा.

आणखी दोन गोष्टी:

- शीर्षक पुस्तकाच्या थेट आत असेल तर नुसतं `शीर्षक` पुरतं. उगाच `//` नको.
- `/शीर्षक` लिहिलं तर फाइलच्या सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे मूळ घटकाचंच नाव `शीर्षक` हवं. नसेल तर एरर नाही, गुपचूप रिकामी यादी येते.

पाथ बरोबर असूनही काहीच सापडेना, तर फाइलमध्ये नेमस्पेस (घटकांच्या नावांना जोडलेली वेगळी ओळख, `xmlns` ने लिहितात) आहे का बघ. असेल तर सांग, ते प्रकरण वेगळं.