माळवदाखाली झोप लागेल का?

पत्र थोडक्यात असं आहे:

"ताई, वय 39, लातूरला राहते, जिल्हा परिषद शाळेवर शिक्षिका आहे. मिस्टरांचं खत-बियाण्याचं दुकान. लग्नाला चौदा वर्षं झाली, मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी आठ. सासू-सासरे, म्हणजे आत्याबाई आणि मामा, आमच्याजवळच असतात. ह्यांच्या मित्राने तुळजापूरच्या बाजूची एक जुनी गढी सुचवली, तिथं आता राहायची सोय केलीय. एका रात्रीचे 5,500. ह्यांनी धरूनच ठेवलंय, जानेवारीत दोघांनीच जायचं. मी 'पैसे उडवायचे धंदे' म्हणून टाळतेय, पण खरं कारण वेगळं आहे. माझं माहेर लोहारा तालुक्यातलं. भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. आमचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, पडलं, आजी गेली. हे त्यांना माहीत आहे. पण तेव्हापासून जुन्या घरात रात्री मला झोप लागत नाही, हे कधी बोलले नाही. दुसरं म्हणजे मागच्या वर्षी एका रिसॉर्टला गेलो होतो. हे दोन दिवस फोनवर, मी तोंड फुगवून. येताना गाडीत कुणी बोललं नाही. पुन्हा तसंच झालं तर? शिवाय घरी काय सांगायचं? हे म्हणतात, कंपनीची डीलर मीटिंग आहे म्हणू. जावं का? ता. क. तिथं साडी नेसावी का ड्रेस चालेल?"

ताई, जा. पण बुकिंगचा फोन व्हायच्या आधी मिस्टरांना माळवदाचं सांगा. तुम्ही पैशाचं कारण पुढे केलंय, म्हणून ते पैशावर तोडगा काढतील: दर पाडून घेतील किंवा त्याच गढीतली स्वस्त खोली बघतील. अशा ठिकाणी स्वस्त खोली बहुधा सगळ्यात आतली, सगळ्यात जुनी आणि एकाच दाराची असते. म्हणजे नेमकी तुम्हाला नको ती.

फार मोठं प्रास्ताविक नको. गाडीवर किंवा दुकान बंद करताना, हाताला काम असताना सांगा: "मला यायचंय. पण माळवदाच्या खोलीत मला रात्री झोप लागत नाही, लहानपणापासून. दुसरी खोली असेल तर बघा." एवढं बस्स. लागलीच "इतकी वर्षं कसं नाही सांगितलंस" असं आलं तर त्याचं उत्तर त्या दिवशी द्यायची गरज नाही.

आता गढीचं. तुमची भीती निराधार नाही, तिच्यामागे साधं बांधकामाचं गणित आहे. आपल्याकडच्या जुन्या भिंती दोन-तीन फूट जाड दिसतात, पण त्या दोन पदरांच्या असतात. बाहेरून दगड, आतून दगड, मधे माती आणि खडीची भर. दोन्ही पदरांना आरपार बांधणारा जोडदगड नसला की हादऱ्याने पदर सुटतात. वर माळवद. गळू नये म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी मातीचा नवा थर टाकायचा, जुना कुणी काढायचं नाही. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती साचली तर वजन साधारण सात टन होतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात, ते वजनच माणसांवर आलं. मात्र ज्या घरांत माळवद भिंतीवर नव्हतं, लाकडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर होतं आणि सांधे धड होते, तिथं भिंती ढासळूनही छत वरच राहिल्याचं पुष्कळ ठिकाणी दिसलं.

म्हणून मिस्टरांनी गढीवाल्यांना हे विचारायचं: खोलीवर माळवद आहे का स्लॅब? माळवद असेल तर दुरुस्ती करताना वरची माती कमी केली का? भिंतींच्या माथ्यावरून काँक्रीटचा पट्टा फिरवलाय का, जोडदगड घातलेत का? इंजिनिअरकडून तपासणी करून घेतली होती का? ज्याने खरोखर काम केलंय तो माणूस ही उत्तरं हौसेने देतो, फोटोसुद्धा पाठवतो. "अहो, शंभर वर्षं उभी आहे" हे उत्तर नव्हे. तेव्हा किल्लारी भागातलीही पुष्कळ घरं जुनीच होती.

आणि या सगळ्या चौकशीपेक्षा सोपी वाट आहे. बहुतेक गढ्यांच्या आवारात पाहुण्यांसाठी दोन-चार खोल्या नव्याने बांधलेल्या असतात, हलक्या छताच्या किंवा आरसीसीच्या. तीच मागा. तळमजला, दार सरळ अंगणात उघडणारं, कडी आतून सहज निघणारी. दिवसभर ढेलजेत, म्हणजे दाराजवळच्या देवडीत बसा, ओसरीवर जेवा, धान्य साठवायचं बळद बघा, पण झोपायला नव्या खोलीत. अंगणात बाज टाकून देतो म्हणतील, पण जानेवारीत पहाटे दोन वाकळी घेतल्या तरी गारठा आत शिरतो. त्या नादी लागू नका. उशाशी बॅटरी आणि पायाशी चपला असू द्या. याला कुणी हसलं तर हसू द्या.

नव्या खोलीतही छातीत धडधडलं, घाम फुटला, तर उठून अंगणात या, दहा मिनिटं बसा. मिस्टरांना आधीच सांगून ठेवलेलं असलं की तेही "काय झालं, काय झालं" करणार नाहीत. घरीदेखील असं वरचेवर होत असेल तर मात्र तो सहलीचा प्रश्न राहत नाही. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. इतक्या वर्षांनी काय बोलायचं, असं मनात आणू नका. त्या पट्ट्यातली कितीतरी माणसं भूकंपानंतर वर्षानुवर्षं पक्कं घर सोडून पत्र्याच्या शेडमध्ये झोपायची, हे तुम्हीच पाहिलं असेल.

बुकिंग करताना आणखी काही गोष्टी. दोन रात्री घ्या. शनिवारी तुमची सकाळची शाळा, दुपारी निघणार, रविवारी दहा-अकराला खोली सोडायची म्हटलं तर बॅग उघडायची आणि भरायची एवढंच होतं. सोमवारी किरकोळ रजा टाका. रविवारची रात्र बहुतेक ठिकाणी रिकामी असते, तिचा दर कमी करून मागता येतो. 26 जानेवारीला जोडून येणारी सुट्टी टाळा.

पलंगाचं नक्की विचारा: एकच मोठी गादी आहे का दोन दिवाण जोडून वर एक चादर? दुसऱ्या प्रकारात मधली फट रात्रभर रुंदावत जाते आणि सकाळी दोघांचीही कंबर धरलेली असते. जोडप्याच्या सहलीत याहून वाईट फर्निचर नाही. गरम पाणी सोलरचं आहे का गिझरचं? सोलर असेल तर जानेवारीत सकाळी पाणी कितपत गरम येतं, तेही विचारा. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर खोलीतलं काय काय चालतं?

सगळ्यात महत्त्वाचं: त्या दोन दिवसांत आवारात काही कार्यक्रम आहे का? गढीचं अंगण हळदीला, प्री-वेडिंग शूटला भाड्याने जातं. रविवारी दुपारी शहरातून हुरडा पार्टीच्या गाड्या येतात, सोबत स्पीकर असतो. "आहे, पण थोडाच वेळ" असं म्हणाले तर सकाळी अकरा ते चार असं धरून चाला आणि तेवढा वेळ बाहेर पडा.

पैशाचा हिशेब उघड मांडा. दोन रात्रींचे 11,000, त्यावर 5 टक्के जीएसटी, झाले 11,550. जेवण दरात आहे का वेगळं, ते विचारून घ्या. वेगळं असलं तर जेवण, पेट्रोल, किरकोळ धरून 15-16 हजारांत बसतं. आगाऊ निम्मेच पाठवा, आणि रद्द केलं तर किती परत, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. दोघांची आधार कार्डं जवळ ठेवा.

आता घर. डीलर मीटिंगचं सांगू नका. नीती-अनीती बाजूला ठेवते, ते टिकणारच नाही. कंपनीच्या मीटिंगला बायको कशी, हे मामा पहिल्या वाक्यात विचारतील. आणि आपल्याकडे कुठल्याही गढीवाल्यांशी दोन पिढ्या मागे गेलं की सोयरीक निघते. तिसऱ्या दिवशी फोन येईल, "तुमचा मुलगा-सून आले होते की आमच्याकडे." त्यापेक्षा मिस्टरांनी स्वतः आईला सांगावं, तुम्ही नव्हे. "शनिवारी दुपारी आम्ही दोघं जातोय, सोमवारी दुपारी येतो. पोरं तुझ्याजवळ." जाऊ का, असं विचारायचं नाही. विचारलं की नाही म्हणायची सोय आपणच करून देतो. दर कुणी विचारला तर खरा सांगा. नाही विचारला तर आपणहून काढू नका.

आत्याबाईंवर दोन दिवसांचा स्वयंपाक टाकून जाऊ नका. नणंद असेल तर त्याच शनिवार-रविवारी तिला लेकरांसह माहेरी बोलवा, संक्रांत नुकतीच झालेली असते. घर भरलेलं राहतं, आत्याबाईंना लेक मिळते आणि तुमची मुलं आतेभावंडांत रमतात. सिलिंडर भरलेला आहे का, तेवढं बघा. मुलांची औषधं असतील तर किती चमचे, कधी, ते कागदावर लिहून फ्रिजला लावा. मुलांना एकदाच, संध्याकाळी सातला फोन करायचा. सारखे फोन केले की धाकटी रडते, मग आजीलाही वाटतं की हिचं मन तिकडं नाही.

मिस्टरांच्या फोनचं भांडण जाण्याआधीच मिटवा. जानेवारी म्हणजे दुकानाची त्यातल्या त्यात निवांत वेळ, तरी हरभऱ्यावर घाटेअळी आली की शेतकरी फोन करणारच, आणि तो फोन न उचलणं हे त्यांनाही जमणार नाही. सकाळी अकराला अर्धा तास, संध्याकाळी सहाला अर्धा तास, बाकी वेळ दुकानातल्या पोराचा नंबर. एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे: जाड भिंतींच्या आत रेंज फारशी मिळत नाही, बोलायला माळवदावर जावं लागतं. माणूस जिना चढायला कंटाळतो.

मागच्या वेळी बिघडलं ते एकट्या फोनमुळे नाही, ताई. चौदा वर्षं तुमचं बोलणं फी, हप्ता, डबा, उधारी एवढ्यावरच चाललेलं असतं. ते विषय बंद केले की पहिल्या संध्याकाळी बोलायला काही सापडत नाही, आणि दोघांनाही वाटतं, आपल्यात काही उरलंच नाही. पहिली संध्याकाळ रिकामी जाणारच, असं धरून चाला. घरचा हिशेब लातूर ते तुळजापूर गाडीत उरकून घ्या. गढीच्या फाट्याला गाडी वळली की तो विषय बंद. मग समोरासमोर बसून गप्पा मारायचा प्रयत्न करू नका. हाताला काम घ्या.

जानेवारीत ते काम म्हणजे हुरडा. गढीवाले भाजून वाटीत आणून देतात. तसा घेऊ नका, आगटीशी बसू द्या म्हणावं. गोवऱ्यांची आग ज्वाळा जाऊन लाल इंगळावर आली की एकाने कणसं राखेत खुपसायची, फिरवत राहायची. ज्वाळेत धरली की वरून करपतात आणि आत कच्ची राहतात. दुसऱ्याने गरम कणीस दोन्ही तळव्यांत धरून चोळायचं, मग फुंकर मारून भुसा उडवायचा. चटका बसतो, म्हणून सुती रुमाल ठेवा. कणीस घेताना दाणा नखाने दाबून बघा: नुसतं पाण्यासारखं दूध आलं तर कोवळा, काहीच आलं नाही तर निबर झाला, मऊ गोळ्यासारखा दबला की नेमका. गूळभेंडी या ज्वारीच्या वाणाचा मिळाला तर उत्तमच. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. सकाळी दहा-अकराला खा. रात्री पोटभर हुरडा खाऊन वर गार पाणी प्यायलं की पोट फुगतं, मग खोली कितीही छान असो, रात्र वाया. रविवारी पार्टीवाले येणार असतील तर आगटी नऊलाच पेटवायला सांगा.

जेवण तिथं सांगितल्यावर होतं. रात्रीच्या भाकरी आणि येसराची आमटी हवी असेल तर दुपारीच सांगून ठेवा, नाहीतर उशिरा पनीर समोर येतं.

रविवारी बाहेर पडायचं झालं तर नळदुर्गचा किल्ला बघा. बोरी नदीवरचा बांध आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल. नर-मादी धबधबे मात्र जानेवारीत वाहत नाहीत, त्यांना पावसाळ्यात नदीला भरपूर पाणी लागतं. तेवढ्यासाठी जाणार असाल तर हिरमोड होईल. दिवसाला एकच ठिकाण. तेर आणि तुळजापूर दोन्ही त्यातच कोंबू नका.

तुळजापूर सोमवारी परतताना करा. इतक्या जवळ जाऊन दर्शन न घेता आलात हे आत्याबाईंना पचणार नाही, आणि रविवारी गेलात तर दिवस रांगेतच जातो. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमेलाही तेच. पौषातलं शाकंभरी नवरात्र कधी आहे, ते तारीख ठरवायच्या आधी कॅलेंडरवर बघा.

तुमच्या ता. क. बद्दल: दोन्ही न्या. सोमवारी देवीला साडी. बाकी दिवस ड्रेस, तोही घोट्यात न अडकणारा. माळवदावर जायचा जिना बहुधा भिंतीतच काढलेला असतो, अंधारा, पायऱ्या जवळजवळ फूटभर उंच, धरायला काही नाही. निऱ्या सावरत तो चढणं कठीण. आणि सहा वाजता मिस्टर फोनसाठी वर जातील तेव्हा तुम्हालाही वर जावंसं वाटेल, शाल घेऊन जा.