कोआलासाठी निलगिरी : छाटणी कशी करावी?

प्रश्न : माझी मुलगी ब्रिस्बेनजवळ जखमी कोआलांच्या शुश्रूषेला जाते. तिथे पाल्यासाठी निलगिरी लावायची आहे. आपल्याकडे ती ताडमाड वाढते, मग पाला हाताशी कसा राहील?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : निलगिरी तोडली की बुंध्यातून पुन्हा फुटते. खोड मनगटाएवढं झालं की कमरेच्या उंचीवर तिरका काप द्या, म्हणजे पाणी साचून खोड कुजत नाही. मात्र सगळी झाडं एकदम छाटू नका. ओळी आलटूनपालटून घ्या. कापलेल्या ओळीला नवी फूट जून होईपर्यंत हात लावू नका, नाहीतर झाड खंगतं. शिवाय काही जातींच्या अगदी कोवळ्या पानांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं जास्त असतात, म्हणून कोवळ्या शेंड्यांबरोबर जून पानंही हवीतच.

निलगिरीची 'टेरेटिकॉर्निस' ही जात जरूर लावा. आपल्याकडे लावतात ती 'म्हैसूर गम' निलगिरी बहुतांशी तीच. पण एकाच जातीवर भागत नाही. कोआला दिवसाला साधारण अर्धा ते एक किलो पाला खातो, तोही हुंगून, निवडून. त्यामुळे फांद्या त्याच्या कितीतरी पट लागतात. त्या सकाळी गारव्यात कापाव्यात, देठ पुन्हा छाटून लगेच पाण्यात उभ्या कराव्यात. कोआलाला बहुतेक पाणी पानांतूनच मिळतं. सुकलेला पाला तो टाकून देतो. कीटकनाशक अजिबात फवारू नका.